वाहत्या पाण्यावरची मजुरी : फॉक्सफर्डच्या लोकर गिरणीचं प्रकरण

पत्र लिहिलं होतं एका ननने, आणि ते गेलं होतं एका गिरणीमालकाकडे. मदर आर्सेनियस, मूळ नाव अ‍ॅग्नेस मोरो-बर्नार्ड, आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो परगण्यातल्या फॉक्सफर्ड गावात नुकत्याच राहायला आल्या होत्या. जॉन चार्ल्स स्मिथ उत्तरेकडच्या टायरोन परगण्यात कॅलेडन इथे लोकरीची गिरणी चालवत होते. आपल्या गावातून नदी वाहते, तिच्या जोरावर इथेही अशी गिरणी चालेल का, हा बाईंचा प्रश्न होता. स्मिथ यांचं उत्तर आयर्लंडमध्ये अजून सांगितलं जातं. आपण एका प्रॉटेस्टंटाला, आणि तेही फ्रीमेसनला पत्र लिहिलं आहे याची आपल्याला कल्पना आहे का, असं त्यांनी उलट विचारलं.

त्या काळात हा प्रश्न साधा नव्हता. फ्रीमेसन म्हणजे कॅथलिक चर्चने उघडपणे निषिद्ध ठरवलेली संघटना. टायरोन आणि मेयो एकाच देशात असले तरी धर्म, राजकारण आणि सुबत्ता या तिन्ही बाबतींत एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले. बाईंना कल्पना होती की नव्हती, यावर चर्चा करण्यात अर्थ नाही. त्यांना लोकरीतलं कळणारा माणूस हवा होता आणि तो कॅलेडनला होता. स्मिथ आले, त्यांनी जागा पाहिली आणि बाईंना या फंदात पडू नका असं सांगून पाहिलं. बाई मागे हटेनात, तेव्हा ते मदतीला उभे राहिले. १८९२ मध्ये मॉय नदीच्या काठी ‘प्रॉव्हिडन्स’ नावाची गिरणी सुरू झाली.

ही गिरणी आजही चालू आहे. मध्ये एकदा ती मेली होती, त्याबद्दल पुढे येईलच. ग्रामीण उद्योगांवर लिहिताना मी पुन्हा पुन्हा या प्रकरणाकडे वळतो, कारण याची नेहमीची मांडणी मला पटत नाही. एका दयाळू ननने उपाशी गावाला तारलं, अशी ती मांडणी. दया होती, यात शंका नाही. पण नुसत्या दयेवर माग चालत नाहीत. बाईंनी त्या पहिल्या वर्षभरात घेतलेले निर्णय एखाद्या कसलेल्या उद्योजकाने घ्यावेत असे होते, आणि त्यातला प्रत्येक निर्णय तपासून बघण्यासारखा आहे.

मेयोच का इतका गरीब?

आधी गाव समजून घेऊ. फॉक्सफर्डचं आयरिश नाव ‘बेल आसा’, म्हणजे धबधब्याचं मुख. मॉय नदी इथे खडकांवरून उतरते आणि पुढे बॅलिना शहराजवळून समुद्राला मिळते. सामन माशांसाठी ही नदी सगळ्या युरोपात प्रसिद्ध आहे. पाण्याचा जोर गावाच्या नावातच आहे, पण १८९१ साली तो जोर कुणाच्या कामाला येत नव्हता.

आजूबाजूची जमीन पाणथळ आणि दगडाळ. कुटुंबाच्या वाट्याला दोन-चार एकरांचे तुकडे, त्यावर बटाटा, आणि डोक्यावर खंड. १८४५ ते १८४९ या वर्षांत बटाट्यावर करपा पडला आणि आयर्लंडमध्ये महादुष्काळ पडला. त्यात सर्वाधिक होरपळलेल्या परगण्यांत मेयो होता. १८४१ च्या खानेसुमारीत मेयोत सुमारे ३ लाख ८९ हजार माणसं होती. १८५१ मध्ये उरली सुमारे २ लाख ७५ हजार. दहा वर्षांत लाखाहून जास्त माणसं एक तर मातीत गेली नाही तर जहाजात बसली. १८७९ मध्ये पुन्हा पीक बुडालं. त्याच वर्षी याच परगण्यातून जमीनदारांविरुद्धची लँड लीगची चळवळ उठली. तिचे नेते मायकेल डॅव्हिट यांचं जन्मगाव स्ट्रेड फॉक्सफर्डपासून काही मैलांवर आहे. डॅव्हिट चार वर्षांचे असताना त्यांच्या कुटुंबाला खंड थकल्यामुळे घरातून बाहेर काढण्यात आलं होतं.

मेंढ्या मात्र होत्या. डोंगरात चरणाऱ्या, जाड लोकरीच्या. मग मेयोत लोकरीचा धंदा का उभा राहिला नाही? उत्तर दोनशे वर्षं मागे जातं. १६९९ मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदा करून आयर्लंडच्या लोकरी कापडाची परदेशी निर्यात बंद केली. फक्त इंग्लंडला पाठवायची मुभा ठेवली आणि तिथे जबर जकात आधीच बसवलेली होती. इंग्लंडच्या विणकरांना स्पर्धा नको होती. त्याऐवजी आयर्लंडने अळशीच्या धाग्याचं, म्हणजे लिननचं कापड विणावं असं धोरण ठरलं आणि तो धंदा फोफावला तो मुख्यतः उत्तरेकडच्या अल्स्टरमध्ये. पश्चिमेला राहिलं ते घरच्या चरख्यावरचं, घरच्या मागावरचं जाडंभरडं कापड. एकोणिसाव्या शतकात यंत्राचं स्वस्त कापड गावोगाव आल्यावर तेही मागे पडत गेलं. आपल्या विणकरांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही.

म्हणजे बाई आल्या तेव्हा फॉक्सफर्डकडे मेंढ्या होत्या, पाणी होतं, आणि रिकाम्या हातांची माणसं होती. मधला सगळा दुवा तुटलेला होता: यंत्र, यंत्र चालवण्याची विद्या, भांडवल आणि बाजार.

कोण या बाई?

अ‍ॅग्नेस यांचा जन्म १८४२ चा, इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमचा. पण घर आयरिश, जमीनदारांचं, आणि बालपण गेलं दक्षिणेकडच्या कॉर्क-केरी भागात. दुष्काळाच्या वर्षांत त्या लहान मुलगी होत्या. पुढे त्या ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी’ या मेरी एकनहेड यांनी १८१५ साली स्थापन केलेल्या आयरिश संघात गेल्या. १८७७ पासून बॅलाहादरीन या गावी त्यांनी कॉन्व्हेंट सांभाळलं. तिथे शाळा होती आणि मुलींना कामधंदा शिकवण्याची सोयही होती. म्हणजे फॉक्सफर्डला पाऊल ठेवलं तेव्हा पाठीशी चौदा वर्षांचा अनुभव होता आणि वय होतं ४९.

हे वय आणि तो अनुभव मला महत्त्वाचा वाटतो. मुलींना शिवण-टिपण शिकवून काय होतं हे त्यांनी पुरेसं पाहिलेलं असणार. शिकलेल्या मुलीला गावात काम देणारं कुणी नसेल, तर ती शिकलेलं घेऊन अमेरिकेच्या जहाजात बसते. फॉक्सफर्डमध्ये शाळा उघडली तेव्हा मुलं उपाशी येत. त्यांना जेवायला घातलं, पण घरात मजुरी येत नाही तोवर उद्याही तेच आणि परवाही तेच, हे बाईंना दिसत होतं. तेव्हा त्यांची नजर खडकांवरून फेसाळत जाणाऱ्या पाण्याकडे गेली.

कर्ज कशासाठी, अनुदान कशासाठी

योगायोग असा की त्याच १८९१ साली सरकारने ‘कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड’ नावाचं मंडळ स्थापन केलं. आयर्लंडचे तेव्हाचे मुख्य सचिव आर्थर बॅलफर, पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले, यांची ही योजना. नावात ‘दाटी’ असली तरी मंडळाला माणसांची दाटी मोजायची नव्हती. एखाद्या भागातल्या जमिनीचं करआकारणीसाठीचं मूल्य आणि तिथली लोकसंख्या यांचा भागाकार केला जाई. माणशी ३० शिलिंगांपेक्षा कमी मूल्य भरलं तर तो भाग गरीब धरायचा. म्हणजे तिथली जमीन तिथल्या माणसांना पोसू शकत नाही. मला हा निकष आवडतो. दारिद्र्य माणसाच्या आळसात न शोधता जमिनीत आणि माणसांच्या संख्येत शोधणारं सरकारी कलम त्या काळात विरळाच. सरकारचा हेतू निर्मळ होता असं मात्र नाही. लँड लीगने दिलेला हादरा ताजा होता आणि पश्चिम आयर्लंड शांत ठेवायचा होता.

या मंडळाकडून फॉक्सफर्डच्या गिरणीला ७,००० पौंड कर्ज आणि १,५०० पौंड अनुदान मिळालं. अनुदान होतं कामगारांच्या शिक्षणासाठी. ही विभागणी नीट पाहा. यंत्र, इमारत, पाण्याची व्यवस्था यांतून पैसा परत येतो, म्हणून त्यासाठी कर्ज. शिकाऊ कामगार पहिले महिने सूत तोडतो, लोकर वाया घालवतो, त्याच्या हातून विकण्याजोगं काही निघत नाही, आणि तरी त्याला रोजची मजुरी द्यावी लागते. हा खर्च गिरणीच्या वहीत टाकला तर पहिल्याच वर्षी गिरणी बुडेल. म्हणून तेवढ्यापुरतं अनुदान. आपल्याकडच्या कितीतरी ग्रामोद्योगांत याच्या नेमकं उलट घडताना मी पाहिलं आहे. शेड आणि यंत्राला अनुदान मिळतं, माणसं शिकवायला काहीच मिळत नाही. उद्घाटनाचा फोटो निघतो आणि सहा महिन्यांनी यंत्रावर कापड टाकलेलं असतं.

दुसरा निर्णय व्यवस्थापकाचा. स्मिथ यांनी कॅलेडनहून फ्रँक शेरी यांना पाठवलं आणि गिरणीची सूत्रं त्यांच्याकडे आली. मालकी आणि शेवटचा शब्द ननचा, पण लोकर कुठली घ्यायची, कुठल्या यंत्रावर कसं सूत काढायचं, कुणाला कुठे बसवायचं हे ज्याला कळतं त्याचं. संस्था चालवणाऱ्यांना हे जमवणं किती जड जातं ते ज्यांनी संस्था जवळून पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. आपला माणूस, आपल्या धर्माचा, आपल्या विश्वासातला, हीच पात्रता धरून नेमणुका होतात. इथे एका प्रॉटेस्टंट गिरणीमालकाच्या हाताखाली तयार झालेल्या माणसावर कॅथलिक कॉन्व्हेंटने आपलं सगळं कर्ज सोपवलं.

मेंढीपासून ब्लँकेटपर्यंत

शिकवायला इतका पैसा का लागावा, हे कळायला लोकरीच्या कामात जरा हात घालावा लागेल. बाहेरून पाहिलं तर लोकर कातरा, काता, विणा, एवढंच दिसतं.

कातरून आलेली लोकर एकसारखी नसते. खांद्यावरची मऊ, मांडीवरची जाड आणि राठ, पोटाखालची मळलेली. पहिलं काम निवडीचं. निवडणारा जाळीच्या टेबलावर अख्खी कातर पसरतो, बोटांनी चाचपतो आणि प्रतीप्रमाणे वेगळी करतो. ही बोटं तयार व्हायला वर्षं जातात. राठ लोकर मऊ ढिगात गेली तर ती शेवटच्या ब्लँकेटमध्ये टोचते आणि तेव्हा काहीच करता येत नाही.

मग धुणं. मेंढीच्या अंगातलं मेण, घाम, माती, गवताच्या काड्या हे सगळं लोकरीला चिकटलेलं असतं. बारीक जातीच्या लोकरीत तर निम्मं वजन याचंच भरू शकतं. गरम पाणी, साबण, सोडा. पण चोळायचं नाही. गरम पाण्यात लोकर घुसळली की तिचे तंतू एकमेकांत अडकून गोळा होतो, आणि तो गोळा पुन्हा सुटत नाही. म्हणून हलक्या हाताने पुढे सरकवत न्यायची, पिळायची, पुन्हा स्वच्छ पाण्यात सोडायची. लोकर गिरणी नदीकाठीच का असते, याचं अर्धं उत्तर चाक फिरवणाऱ्या पाण्यात आहे आणि अर्धं या धुण्यात.

धुवून वाळवलेल्या लोकरीवर थोडं तेल शिंपडतात, नाहीतर पिंजताना तंतू तुटतात. पिंजण्याचं यंत्र म्हणजे बारीक तारांचे दात बसवलेले मोठमोठे रूळ, एकमेकांना जवळजवळ घासत फिरणारे. या टोकाला लोकरीचा पुंजका घातला की त्या टोकाला धुक्यासारखा पातळ पापुद्रा निघतो. तो उभा चिरून त्याचे पेळू होतात. त्यांना पीळ नसतो, जरा ओढलं की तुटतात. कातणाऱ्या यंत्राची गाडी चाकांवर मागे जाते, पेळू ताणते, पीळ देते, परत येताना सूत गुंडाळते. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. कातणाऱ्याला तुटलेलं सूत चालत्या यंत्रावर जोडावं लागतं.

इथे एक भेद सांगायला हवा, कारण फॉक्सफर्डचं सगळं यश त्याच्यावर उभं आहे. सुटाचं गुळगुळीत कापड ज्या सुताचं होतं त्यात लोकर विंचरून तंतू समांतर केलेले असतात. ब्लँकेटच्या सुतात ते पिंजून आडवेतिडवे ठेवतात. त्यामुळे सुतात हवा कोंडून राहते. ऊब असते ती त्या कोंडलेल्या हवेची. पश्चिम आयर्लंडच्या ओल्या थंडीत या उबेला गिऱ्हाईक होतं.

मागावरून उतरलेलं ब्लँकेट तुम्ही हातात घेतलंत तर घ्यावंसं वाटणार नाही. तेलकट, विरळ, पोत्यासारखं. त्याला साबणाच्या गरम पाण्यात दाबून-ठोकून आटवतात. धुताना जे टाळायचं होतं तेच इथे मुद्दाम करायचं. कापड रुंदीने आणि लांबीने आत येतं, भरतं, विणीची भोकं बुजतात. कोल्हापूरकडे पिंजारी लोकर पसरून, पाणी शिंपडून, गुंडाळून पायाने तुडवतात आणि जेन, म्हणजे न विणलेलं लोकरी अंथरूण, तयार करतात, त्यामागेही तंतूंचा हाच गुण आहे. किती आटवायचं हे ठरवणं ही गिरणीतली सगळ्यात जोखमीची जागा. जास्त झालं तर ब्लँकेट पुठ्ठा होतं. शेवटी रुळांवर बसवलेल्या काटेरी बोंडांनी किंवा तारांनी कापडाचा पृष्ठभाग खरवडून तंतू वर काढतात, आणि त्या पोत्याला ब्लँकेटची मऊ लव येते.

मेयोतल्या बटाट्याच्या वाफ्यातून आलेल्या मुलामुलींना हे सगळं येण्याचं काही कारण नव्हतं. घरी चरखा पाहिला असेल, पण घड्याळावर चालणारी पाळी, चालत्या यंत्राजवळ हात कुठे ठेवायचा, तुटलेलं सूत दोन बोटांत कसं मिटवायचं, हे सगळं नवीन. १,५०० पौंड त्यात गेले, आणि माझ्या मते ७,००० पौंडांपेक्षा ते जास्त कामाला आले.

गिरणीच्या फाटकाबाहेर

बाई गिरणीवर थांबल्या नाहीत. दारातले उकिरडे हलवा, घराला चुना द्या, खिडकी करा, असा त्यांचा गावोगाव आग्रह सुरू झाला. नीटनेटक्या घराला बक्षीस ठेवलं. कोंबड्या पाळणं, लोणी काढणं, भाजीपाला लावणं यांचं शिक्षण सुरू झालं. गावाचं वाद्यपथक उभं राहिलं, संगीत शिकवलं जाऊ लागलं.

याबद्दल माझं मन दोन बाजूंना ओढतं. ज्या घरात माणसं आणि गुरं एकाच छपराखाली राहतात, दारातच शेणाचा ढीग असतो, तिथे ताप आणि खोकला मुलांना सोडत नाही. त्यामुळे हा आग्रह योग्यच होता. पण गावातली मजुरी, शाळा, चर्च आणि आता घराची स्वच्छता हे सगळं एकाच कॉन्व्हेंटच्या हातात आलं. गिरणीत काम करणाऱ्या बाईच्या घरी स्वच्छतेची पाहणी करायला जर तिची मालकीणच येत असेल, तर ती दार उघडायला नाही म्हणू शकत नाही. त्या काळाच्या इंग्लंडमधल्या कारखानदारांच्या वसाहतींतही हेच होतं. भलं होत होतं, आणि भल्याची किंमत मोकळेपणात मोजावी लागत होती. फॉक्सफर्डचं कौतुक करताना हे झाकून ठेवू नये असं मला वाटतं.

आणखी एक आकडा समोर ठेवतो. मेयो परगण्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २ लाख १९ हजार होती. १९२६ मध्ये ती सुमारे १ लाख ७३ हजारांवर आली होती. गिरणी उत्तम चालत असताना. एका गावातली एक गिरणी अख्ख्या परगण्याचं देशांतर थांबवू शकत नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. गिरणीने काही घरांना दर आठवड्याची मजुरी दिली, त्या घरांतल्या मुलींना राहायचं की जायचं हे ठरवण्याची संधी दिली. बाकीच्या मेयोत ती संधीच नव्हती.

मदर आर्सेनियस १९३२ मध्ये फॉक्सफर्डलाच वारल्या, नव्वदीत. चाळीस वर्षं त्यांनी याच गावात काढली. तोवर फॉक्सफर्डचं ब्लँकेट आयर्लंडभर पोचलं होतं. साईच्या रंगाची पांढरट लोकर, कडेला रंगीत पट्टे, आणि एका बिछान्यावर पिढ्या निघतील इतकं टिकाऊ. लग्नात भेट द्यावं असं.

पन्नास वर्षांनी

टिकाऊपणाच पुढे अडचण झाला असं म्हणायला वाव आहे. ज्या घरात एक चांगलं ब्लँकेट तीस वर्षं टिकतं, ते घर दुसरं कशाला घेईल? पण खरा फटका इतर बाजूंनी आला.

१९३२ नंतर आयरिश सरकारने आयात मालावर भरपूर जकाती लावल्या आणि देशी गिरण्यांना आडोसा मिळाला. आडोशात वाढलेलं झाड वारा सुटला की हलतं. १९६५ मध्ये ब्रिटनशी मुक्त व्यापाराचा करार झाला, १९७३ मध्ये आयर्लंड युरोपीय आर्थिक समुदायात गेला, आणि जकातीची भिंत पडली. देशभरच्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या.

फॉक्सफर्डला याशिवाय एक खास घाव बसला, घराच्या आतला. आयरिश घरांत सेंट्रल हीटिंग आलं. खोल्याच उबदार झाल्या. त्याबरोबर ड्युव्हे आलं, म्हणजे खोळीत घालायची जाड हलकी रजई. एक रजई पांघरली की काम झालं. चादर, दोन-तीन ब्लँकेटं, वर पलंगपोस, असा रोज सकाळी बिछाना लावण्याचा उपद्व्याप संपला. आत कृत्रिम तंतू, किंमत कमी, यंत्रात धुता येते. गिरणीने शंभर वर्षं ज्या कोंडलेल्या हवेची ऊब विकली, ती आता पॉलिएस्टरच्या पुंजक्यात निम्म्या किमतीत मिळू लागली. ब्लँकेट वाईट झालं म्हणून कुणी सोडलं नाही. पलंगावर त्याची जागाच उरली नाही.

१९८७ मध्ये गिरणीवर रिसीव्हर, म्हणजे कर्जवसुलीसाठी नेमलेला अधिकारी, बसला. गावात घराघरांतून कुणी ना कुणी तिथे काम केलेलं. आजी निवडीला, आई मागावर, काका रंगखात्यात. गिरणी बंद म्हणजे काय, हे अशा गावाला समजावून सांगावं लागत नाही. गिरणगावाला कुणी समजावून सांगितलं होतं?

पण पुढे जे झालं ते आपल्या गिरणगावात झालं नाही. रिसीव्हरच्या बाजूने हिशेब तपासायला आलेल्या एका तरुण अकाउंटंटला आकड्यांत वेगळंच दिसलं. हा धंदा सगळा मेलेला नाही, आकार चुकीचा आहे असं त्याचं मत झालं. त्याने इतरांना बरोबर घेऊन गिरणी विकत घेतली आणि १९८८ मध्ये माग पुन्हा सुरू झाले. पहिल्यासारखे मात्र नाही. पलंगावरच्या जाड ब्लँकेटांऐवजी सोफ्यावर टाकायचे हलके पांघरुणांचे प्रकार, शाली, स्कार्फ, लहान बाळांची ब्लँकेटं. रंग आणि नक्षी ठरवायला डिझायनर. गिरणीतच दुकान, आणि पाहायला येणाऱ्यांसाठी सोय. पर्यटक माग चालताना पाहतो, सुताला हात लावतो, बाहेर पडताना एक शाल घेऊन जातो. १८९२ साली पाण्याच्या जोरासाठी निवडलेली नदीकाठची जागा आता पाहुण्यांना डोळ्यांसाठी हवी होती.

१८९१ आणि १९८७ ही दोन वर्षं शेजारी ठेवून पाहिली की एक साम्य दिसतं. दोन्ही वेळा गिरणी उभी करणारी व्यक्ती लोकरीतली जाणकार नव्हती. एक नन, एक हिशेबनीस. दोघांनीही तिथे काय आहे आणि काय नाही हे आधी मोजलं आणि जे नाही ते ज्याच्याकडे आहे त्याला बोलावलं. पहिल्या वेळी कॅलेडनचा व्यवस्थापक आला, दुसऱ्या वेळी डिझायनर. आणि दोन्ही वेळा गावात काहीतरी आधीच तयार होतं. पहिल्या वेळी पाणी, दुसऱ्या वेळी शंभर वर्षांत घडलेली बोटं. १,५०० पौंड ज्यांच्या शिक्षणावर खर्च झाले त्यांच्या नातवंडांनी १९८८ मध्ये पुन्हा माग चालवले, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात मोठं फळ वाटतं.

माणदेशातून पाहताना

मी हे का उकरून काढतो आहे, तेही सांगून टाकतो. आमच्या माणदेशात दख्खनी मेंढी आहे, काळी, राठ लोकरीची, दुष्काळात तगणारी. धनगर वर्षातून दोनदा मेंढरं कातरतात. पूर्वी ही लोकर सणगरांकडे जायची, धनगर बाया सूत कातून द्यायच्या, सणगर खड्डामागावर पट्ट्या विणायचे, चिंचोक्याची खळ द्यायचे, आणि दोन पट्ट्या जोडून घोंगडी व्हायची. ती पावसात छत्री, रात्री अंथरूण, देवकार्यात आसन. आता मिलच्या स्वस्त चादरी आल्या, प्लास्टिकचे कागद आले. लोकरीला इतका कमी भाव आहे की कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाही. धनगरांच्या वाड्यावर गेलात तर कातरून टाकलेल्या लोकरीचे ढीग बांधाला पडलेले दिसतात, पावसात भिजून काळे चिखल झालेले.

घोंगडीवर प्रेम करणारी, तिला शहरातल्या गिऱ्हाइकापर्यंत नेणारी काही मंडळी आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण गेल्या कातरणीला एका वाड्यावर बसलो होतो, तेव्हा सगळी लोकर एकाच पोत्यात भरली जात होती. पाठीची, पोटाची, जावळाची, सगळी एकत्र. मी विचारलं, वेगळी का नाही ठेवत? म्हातारे मामा म्हणाले, “वेगळी ठिवून घेनार कोन हाय?” बाजूला त्यांची सून बसली होती. तिने जावळाचा एक पुंजका उचलला, कोकराच्या पहिल्या कातरणीचा, बोटांत चोळून माझ्या तळहातावर ठेवला. रेशमासारखा मऊ होता. मी बोटं मिटेपर्यंत तिने पोत्याचं तोंड बांधलं होतं.